शाबूत पट्ट्या

वर्षअखेरच्या मोजणीच्या दिवशी तळमजल्यावरचं पिंप बंद ठेवायचं, ही या घराची रीत. एरवी ते लाकडी पिंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोल फिरत राहायचं आणि त्याच्या पोटात हजारो बटणं एकमेकांवर घासून गुळगुळीत होत असायची. त्या आवाजात या घरातली माणसं जन्मली, वाढली, भांडली, दुपारची झोपली. त्यामुळे पिंप थांबलं की सगळ्यांचे कान वाजायला लागत आणि सगळे उगाचच हळू बोलत.

"चार वाजता बँकेचा माणूस येतोय," थोरला तिसऱ्यांदा म्हणाला. "तुझीच सही राहिलीय, शिंपले."

शिंपली म्हणजे थोरल्याची बहीण, बटणांच्या कारखान्याचे मालक असलेल्या नानांची धाकटी लेक. ती जन्मली त्या वर्षी कारखान्यात शिंपल्यांची बटणं व्हायची, म्हणून नानांनी तिला शिंपली म्हणायला सुरुवात केली. आता पन्नाशी आली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. वीस वर्षं ती लांबच्या शहरात एका छापखान्याचे हिशेब सांभाळत होती. दुसऱ्यांचे ताळेबंद वाचण्यात हयात गेली, पण घरचा ताळेबंद तिने आज सकाळी पहिल्यांदा हातात घेतला. आणि तोही घर गहाण टाकायच्या कागदावर सही हवी होती म्हणून. घर तिघांच्या नावावर होतं. नानांची सही झाली होती, थोरल्याची झाली होती.

"ते नवं मशीन करणार काय?" तिने विचारलं.

"तासाला आत्ताच्या पाचपट बटणं."

"आणि कर्ज नाही फिटलं तर?"

"न फिटायला काय धाड भरलीय? पाच वर्षं ओळीने नफा आहे. बघ ना, समोरच आहे तुझ्या. तपासनिसाचा शिक्का आहे त्यावर."

"बघतेच आहे," ती म्हणाली, पण बघत होती खिडकीकडे.

काय करणार, ती खोलीच तशी होती. माडीवरची कप्प्यांची खोली. तीन भिंती जमिनीपासून छतापर्यंत लाकडी कप्प्यांनी भरलेल्या, आणि प्रत्येक कप्प्याच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण तारेने बांधलेलं. दुपारचं ऊन आत आलं की ती चारशे बटणं लुकलुकायला लागत. लाल, दुधी, कासवाच्या पाठीसारखी चट्ट्यापट्ट्यांची. आणि त्या खोलीला एक वास होता. गोडसर, थंड, कापरासारखा. लहानपणी शिंपली रुसली की इथेच येऊन बसायची आणि तो वास घेता घेता तिला झोप लागायची. आज सकाळी दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हा वास मी तिकडे बाटलीत भरून न्यायला हवा होता गं वहिनी," ती म्हणाली होती.

वहिनी तेव्हा हसली होती. आता ती मोजणीच्या टेबलाच्या टोकाला वही घेऊन बसली होती. कारखान्याच्या वह्या लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्याकडे आल्या, त्याला तीस वर्षं झाली. खिडकीजवळ आरामखुर्चीत नाना डोळे मिटून पडले होते. अंगठा आणि बोट यांच्यात एक बटण फिरत होतं, म्हणजे झोप लागलेली नव्हती. किंवा लागलेली होती. नानांचं हल्ली सांगता येत नसे.

शिंपलीने पाच वर्षांचे ताळेबंद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. छापखान्यातल्या जुन्या कारकुनाने तिला एक गोष्ट शिकवली होती. एकट्या वर्षाचा कागद वाचायचा नाही, तो कुठल्याही पाहुण्यासारखा बरे कपडे घालूनच येतो. पाच वर्षं एका रांगेत ठेवायची आणि कुठली ओळ पुढे सरकते, कुठली जागची हलत नाही, एवढंच बघायचं.

"विक्री बावीस लाख," ती वाचायला लागली. "बावीस. साडेबावीस. बावीस. बावीस. दादा, ही जागची हलली नाही रे."

"बाजार थंड आहे. पण नफा आहे ना?"

"आहे की. पाच वर्षांचा मिळून पंधरा लाख. घरखर्चाला तुम्ही उचलले दहा. म्हणजे पाच उरले."

"झालं तर मग!"

"मग बँकेत पाचाची वाढ दिसायला हवी. पाच वर्षांपूर्वी बँकेत सहा लाख चाळीस हजार होते. शेवटच्या कागदात आहेत चाळीस हजार." तिने बोट दुसऱ्या ओळीवर नेलं. "आणि कच्चा माल देणाऱ्यांचं देणं दोन लाख होतं ते बारावर गेलंय. दादा, उरायला हवे होते ते पाच, बँकेतून गेलेले सहा, आणि उधारीचे दहा. एकवीस लाख कुठे आहेत?"

खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"माझ्याकडे काय बघतेस अशी?" थोरला म्हणाला.

खरं तर ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या मनात जे आलं ते काही फारसं चांगलं नव्हतं. दादाला लहानपणापासून मोठ्या गोष्टींची हौस. नवं फाटक, नवी पाटी, आता नवं मशीन. पण मग तिने पाहिलं की थोरल्याची नजर तिच्यावर नव्हतीच. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, वहिनीवर गेली होती. अगदी क्षणभरच.

*

थोरल्याला ते नको होतं. नजर आपोआप गेली.

तीन वर्षांपूर्वी वहिनीच्या भावाने घर बांधलं. चांगलं दोन मजली. त्याच वर्षी एका महिन्यात पगाराला पैसे कमी पडले, आणि थोरल्याच्या डोक्यात ते दोन मजले शिरले ते शिरलेच. त्याने कधी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? जिच्या हातच्या चहाशिवाय आपण डोळे उघडत नाही तिला काय विचारायचं? पण ती माहेरी जाऊन आली की तो तिजोरीतली रोकड मोजायचा. दरवेळी बरोबर भरायची. त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा मोजायचा.

आता बहिणीने एकवीस लाख म्हटल्यावर ते दोन मजले त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. उन्हात, पडद्यांसकट. तो घाईने म्हणाला, "हिशेबात काहीतरी चूक असेल. आपण सही करून टाकू, चूक नंतर शोधू."

"घर गहाण टाकून चूक शोधायची?" शिंपली म्हणाली.

"तू वीस वर्षांनी येतेस आणि आम्हाला चोर ठरवतेस!"

"मी चोर म्हटलं का? तूच म्हणालास."

"म्हणायला कशाला हवं? तुला तुझा हिस्सा हवाय, सरळ सांग ना. घर मोकळं ठेवायचं म्हणजे उद्या विकता येईल."

"दादा, तोंड सांभाळ हं. हिस्सा हवा असता तर नाना धडधाकट होते तेव्हाच मागितला असता."

"मीच चुकले असेन," वहिनी म्हणाली.

इतकं हळू म्हणाली, की पिंप चालू असतं तर ऐकूसुद्धा गेलं नसतं.

*

पदराखालून वहिनीने एक निळी छोटी वही काढली आणि नणंदेपुढे सरकवली.

"वन्सं, ही मी माझ्यासाठी ठेवते. आलेला पैसा, गेलेला पैसा. बाकी काही नाही. दर महिन्याला गेलेला जास्त भरतो. मग मी एका उधारीवाल्याला थांबवते आणि दुसऱ्याला देते. वर्षअखेरीला तपासनिसाचा छापील कागद येतो आणि त्यात नफा असतो. दर वर्षी मला वाटायचं, चला, सुटलो. आणि मग वाटायचं, नफा आहे तर पैसे कुठेत? म्हणजे माझ्याच हातून कुठेतरी गळतायत."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" थोरला म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ती लहानपणापासून हिशेबात पक्की. शाळेत तोंडी गणितात तिच्यापुढे कोणी टिकत नसे. पण पाच वर्षं एक छापील, शिक्क्याचा कागद तुम्हाला सांगत असेल की सगळं छान आहे, तर माणूस कागदावर विश्वास ठेवतो आणि स्वतःवरचा काढून घेतो. रात्रीची उठून ती बेरजा पुन्हा करायची. गाद्यांखाली, पिशव्यांत, जुन्या पर्समध्ये पैसे शोधायची. एकदा तर तिने वैद्यांना विचारलं होतं, मला विसरायला होतं का हो?

शिंपली निळ्या वहीची पानं उलटत राहिली. आपण दादावर संशय घेतला, आणि दादा कोणावर घेत होता तेही तिने पाहिलं होतं. तिला एकदम रडू आलं आणि एकदम रागही आला. ती उठली आणि खुर्ची ओढून वहिनीच्या शेजारी, तिला खेटून बसली.

"वहिनी, तुझी वही बरोबर आहे. पैन्‌पै बरोबर आहे. आता छापील कागदात बघू काय लपलंय." तिने बोट पुन्हा त्या रांगेवरून फिरवलं. विक्री, खर्च, येणी, देणी. आणि मग ते थांबलं. "शिल्लक माल. सुरुवातीला अठरा लाख. मग बावीस. सव्वीस. तीस. चौतीस." तिने मान वर केली. "आणि गेल्या वर्षी एकोणचाळीस."

वहिनीचे ओठ हलले. तोंडी गणितच ते.

"एकोणचाळीसातून अठरा गेले," ती म्हणाली, "एकवीस."

तिघांनीही एकदम भिंतींकडे पाहिलं. ऊन आता वरच्या रांगांपर्यंत चढलं होतं आणि सगळी बटणं लुकलुकत होती.

"म्हणजे पैसे इथेच आहेत!" थोरला उभाच राहिला. त्याचा चेहरा इतका उजळला की शिंपलीला पुढचं बोलवेना. "मी म्हणत नव्हतो? कुठे गेले नाहीत. माल आहे आपला!"

"दादा, विकला न गेलेला माल आहे. दर वर्षी आपण विकतो त्याहून जास्त करतो. उरेल तो कप्प्यात घालतो, करायला जेवढा खर्च आला ती किंमत त्यावर लिहितो आणि तेवढा खर्च झालाच नाही असं धरतो, म्हणून कागदावर नफा दिसतो. इथला एखादा कप्पा शेवटचा कधी उघडला होता कोणी?"

कप्पा उघडायचा नसतो, हे काय तिला माहीत नव्हतं? आजोबांचा नियम होता तो. कप्पा भरला की माल मोजायचा, तोंडावर कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीवर नग आणि किंमत लिहून आडवी सही ठोकायची. मागणी आली तरच पट्टी फाडायची. वर्षअखेरच्या मोजणीला एकाने भिंतीशी उभं राहून पट्ट्या वाचायच्या आणि दुसऱ्याने लिहून घ्यायच्या. पट्टी शाबूत असेल तर आकडा जसाच्या तसा पुढच्या वर्षी न्यायचा. तपासनीस खाली चहा घ्यायचा आणि नानांच्या सहीची यादी घेऊन जायचा. इतक्या वर्षांत या घराने पट्ट्या मोजल्या होत्या. बटणं कोणीच मोजली नव्हती.

"आजोबांच्या सहीच्या पट्ट्या आहेत त्या," थोरला म्हणाला. "मी नाही हात लावणार."

"मग मी लावते."

"शिंपले, मी सांगतोय!"

*

नाना सगळं ऐकत होते, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं.

त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे ही खोली होती, पण अर्धीच भरलेली. वडील शिडीवर उभे, आणि सात वर्षांचे नाना खाली खळीची वाटी धरून. वडील पट्टी मागायचे, नाना खळ लावून वर द्यायचे. पहिल्या रांगेतला माल तेव्हा नवा होता. सेल्युलॉइडचा, तेव्हाच्या प्लास्टिकचा. किती सुंदर ती बटणं! उन्हात धरली की मधासारखी दिसायची. वडील शिडीवरून काहीतरी सांगत होते. नाना इतकी वर्षं ते ऐकायचा प्रयत्न करत होते आणि पिंपाच्या आवाजात ते बुडत होतं. आज पिंप बंद होतं. आज ते ऐकू आलं.

"पहिला उघडा," नाना म्हणाले.

दोघं भांडायची थांबली.

"नाना, तुम्ही पडा," थोरला म्हणाला.

"पडलोच आहे रे. उठव मला. सूनबाई, तो चाकू दे."

दोन्हीकडून दोन मुलांनी धरून त्यांना उभं केलं. खालच्या रांगेतला अगदी कोपऱ्यातला कप्पा. पट्टीवरचं अक्षर तपकिरी झालेलं, पण सही ठसठशीत. नानांनी चाकू लावला. थोरल्याने खालून हाताला आधार दिला, आणि पट्टी फाटली.

वास आला. तोच, लहानपणीचा, रुसून झोपण्याचा वास, पण इतका उग्र की शिंपलीला ठसका लागला. कप्प्यात पिवळसर भुगा होता. मध्येच काही बटणं अजून आकार धरून होती. नानांनी त्यांतल्या एकाला बोट लावलं आणि ते आवाज न करता ढासळलं.

"बाबा सांगायचे," नाना म्हणाले. "या मालात कापूर असतो. तो उडत गेला की माल ठिसूळ होतो, म्हणून तीन-चार वर्षांत विकून टाक, असं सांगायचे. शिडीवरून. मी विसरलो. साफ विसरलो रे."

"म्हणजे हा वास..." शिंपली म्हणाली. पन्नास वर्षं जो वास तिला घर वाटत होता, तो घर उडून जाण्याचा वास होता.

"लिही सूनबाई," नाना खुर्चीत टेकत म्हणाले. "कप्पा पहिला. शून्य."

वहिनीने लेखणी उचलली आणि ती तशीच धरून बसली. या घराच्या मोजणीत तिने कधी शून्य लिहिलं नव्हतं. मग तिने ते लिहिलं, नीट, गोल.

त्या रांगेतले सगळे कप्पे तसेच निघाले. वरच्या रांगांत माल धड होता, चकचकीत होता. पण कोटाच्या मोठाल्या गुंड्या, फुलांच्या आकाराची बटणं, असं काय काय, जे आता कोणी कपड्याला लावत नाही.

"हा काही शून्य नाही," थोरला कसनुसा म्हणाला.

"नाही. पण करायला जो खर्च आला तोही नाही. आज कोणी काय देईल तेवढाच लिहायचा."

"किलोवर देतील. खेळणीवाले घेतात," तो म्हणाला आणि त्याला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मग नफा?"

"नफा नव्हताच, दादा. दर वर्षी थोडा थोडा तोटा होता. पण घाबरू नकोस. बावीस लाखांची बटणं लोक अजून दर वर्षी नेतायत. तेवढीच करायची. मागणी असेल ती. पाचपट करणारं मशीन आलं असतं तर..."

पाचपट भरलेल्या भिंती सगळ्यांनाच दिसल्या.

खाली दारावरची घंटी वाजली. चार वाजले होते. गहाणखताचे कागद टेबलावर होते आणि शेवटची जागा अजून कोरी होती. शिंपलीने भावाकडे पाहिलं. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की आजोबांनी उभं केलं, नानांनी टिकवलं आणि आपण वाढवलं. तेवढंच त्याचं होतं. थोरल्याने कागद गोळा केले, बराच वेळ त्यांच्या कडा जुळवल्या, आणि जिना उतरून गेला.

वर तिघं कान देऊन बसली. दार उघडल्याचा आवाज आला, बँकेच्या माणसाचा हसरा आवाज आला, मग थोरल्याचा. दार लागलं.

तो वर आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"सांगितलं, मशीन नको. मोजणी चालू आहे आमची." तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला. बहीण होती, वडील होते, पण त्याला आता थांबता येईना. "अगं, मी तीन वर्षं... तुझ्या भावाचं घर झालं ना, तेव्हा मला वाटलं..."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी माहेरून आले की तुम्ही तिजोरी मोजायचात. किल्ली दुसऱ्या खिळ्याला लावलेली असायची."

थोरला समोरच्या खुर्चीत बसला. शिंपली खिडकीबाहेर बघायला लागली. नाना डोळे मिटून होते, आणि या वेळी ते नक्कीच जागे होते.

"मग भांडली का नाहीस माझ्याशी?" तो म्हणाला. "तोंडावर का नाही फेकलंस?"

"काय म्हणून फेकू? मीच घेतले नसतील याची मला तरी कुठे खात्री होती?"

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, आज भाजी काय करू विचारावं तसं, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोरला उठला. तिच्याजवळ जायचं, का काय करायचं, त्याला सुचेना. पुढच्या रांगेतला कप्पा समोर होता, आणि त्याच्या पट्टीवरची सही त्याचीच होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली, चांगली फर्ड्या वळणाची. त्याने ती नखाने फाडली, कप्पा ओढून काढला आणि मोजणीच्या टेबलावर, वहिनीच्या पुढ्यात उपडा केला. निळी बटणं टेबलभर पसरली. काही खाली घरंगळली.

"मोज," तो म्हणाला. "तू मोज. तू म्हणशील तो आकडा."

मग वहिनीने तोंडावरचे हात काढले, पदराने डोळे पुसले आणि बटणं दहा-दहाने आपल्याकडे ओढायला लागली. शिंपलीने लेखणी घेतली. खोलीत तेवढाच आवाज होता, आणि नानांना खूप वर्षांनी पिंपाशिवाय झोप लागली.

"एक खाली पडलंय," वहिनी म्हणाली. "तेही द्या."

थोरला गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधायला लागला.